दोन शुक्रवार आणि एक सुटलेली केबल

राउटरमधून केबल मीच काढली होती, आणि पुढचे नऊ दिवस घरच्या कॉम्प्युटरला इंटरनेट का येत नाही हे मीच शोधत होतो.

गोष्ट खरं तर एवढीच आहे. पण माझ्या चुका एका वाक्यात आटोपणाऱ्या असत्या तर संसार जरा सुखाचा झाला असता, असं बायको म्हणते. तेव्हा सविस्तर सांगतो.

आम्ही कुवेतमध्ये फिंतासला राहतो, चौथ्या मजल्यावर. समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे, पण आमच्या खिडकीतून दिसतात ते समोरच्या इमारतीचे एसी. मी एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागाचा इंजिनियर आहे. टाकीत किती भरलंय, पाइपात दाब किती आहे हे सांगणारी यंत्रं खरं बोलताहेत की खोटं, ते बघायचं, हे माझं काम. बावीस वर्षं तेच करतोय. त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं तरी बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, असा माझा बाणा. गिझर मी स्वतः दुरुस्त केला. मग नवा घेतला.

कारखान्यातला आणखी एक नियम मी घरात आणला होता. तिथे कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याचा पुरवठा तोडायचा आणि तोडलेल्या जागी लाल टॅग लटकवायचा. काम चालू आहे, हात लावू नये. खाली सही, तारीख. आणि तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. मॅनेजर आला तरी त्याने काढायचा नाही. या नियमाने माणसं जिवंत घरी जातात हे मी पाहिलंय, म्हणून त्याची थट्टा मला खपत नाही. घरी मिक्सर उघडला तरी मी प्लग काढून त्याला लाल पुठ्ठा बांधतो. मुलगी नऊ वर्षांची असताना तिने एकदा तो पुठ्ठा सोडून मिल्कशेक केला होता. तिला मी असं व्याख्यान दिलं की मिल्कशेक तसाच राहिला आणि ती रडत झोपली. आता चौदाची आहे. रडत नाही, पण टॅगच्या वाटेलाही जात नाही.

तर त्या गुरुवारी कामावरून आल्यावर मला छोट्या खोलीत, कॉम्प्युटरच्या बाजूच्या भिंतीवर, फळी ठोकायची होती. त्याच भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून नेटवर्कची केबल जाते. ड्रिल तिच्यात घुसलं तर? मी हॉलमध्ये गेलो, चपलांचं कपाट पुढे ओढलं, त्याच्या मागे राउटर आहे तिथे वाकून कॉम्प्युटरकडे जाणारी केबल काढली आणि तिच्या टोकाला लाल पुठ्ठा बांधला. सही केली.

"अहो, त्या वायरीत करंट तरी असतो का?" बायकोने विचारलं.

"प्रश्न करंटचा नाही, शिस्तीचा आहे."

फळी ठोकली. ती तिरकी बसली. त्यावरून आमचं जे व्हायचं ते झालं, आणि त्या भरात मी कपाट परत भिंतीला लावलं, वर दोन रिकाम्या बॅगा ठेवल्या आणि केबल साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. इथे शुक्रवारी सुट्टी असते, आणि माझ्या शुक्रवारात महत्त्वाचं काम एकच असायचं.

माझे वडील, अण्णा, नाशिकला ताईकडे असतात. वय एक्क्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. जावयाला ते "ते बँकेतले" म्हणतात. ताई कधी त्यांची मुलगी असते, कधी बहीण. मला मात्र ओळखायचे. दर शुक्रवारी आमच्या साडेआठला, म्हणजे त्यांच्या अकराला, मी कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि ताई तिच्या हॉलमधल्या टीव्हीवर मला लावायची. डोक्यावर हेडफोन, त्याची तोंडापुढे आलेली काडी, मागे पुस्तकं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दहापासून खुर्चीत. मी दिसलो की म्हणायचे, "आला! बोल, काय म्हणतंय कुवेत?" मी इथली हवा सांगायचो, ते तिथली सांगायचे. दहा मिनिटांत आमचं बोलणं संपायचं. वर्षातून एकदा मिळणाऱ्या रजेखेरीज बापलेकाचं एवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी ताईला बजावलं होतं, हे मोडू नका. यांचं एकदा जे सुटेल ते परत यायचं नाही.

साडेआठला पाच कमी असताना कॉम्प्युटर लावला, तर कोपऱ्यात लाल फुली. तिच्यावर क्लिक केलं. पडद्यावर स्वच्छ शब्दांत आलं की नेटवर्कची केबल काढलेली आहे.

इथे साधा माणूस उठतो आणि केबलचं दुसरं टोक बघतो. मी साधा नाही, अनुभवी आहे. आमच्या धंद्यातली पहिली शिकवण अशी की यंत्राने काही भलतंच दाखवलं, तर आधी यंत्रावर संशय घ्यायचा. मी कॉम्प्युटरच्या मागे हात घालून पाहिलं, केबल घट्ट होती. राउटरचं म्हणाल तर फोनवर वायफाय झकास चालू होतं, म्हणजे ते टोक धडधाकट. राहता राहिला कॉम्प्युटर. तो खोटं बोलत होता.

"अहो, तो म्हणतोय केबल काढलेली आहे," बायको चहा घेऊन मागे उभी होती, "तर काढलेलीच असेल."

"तो म्हणतो म्हणून असं धरून चालत नाही."

"मग कोणी म्हणायला हवं?"

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग आणखी एकदा. जुना डबा तो, त्याला वायफाय नाही. घेताना मीच दुकानात छाती पुढे काढून सांगितलं होतं की तारेसारखं भरवशाचं काही नाही. पावणेनऊला ताईचा फोन आला. "अरे, अण्णा बसलेत. काय झालं?"

"दोन मिनिटं दे."

इंजिनियरची दोन मिनिटं. सव्वानऊ वाजले तेव्हा बायकोने माझ्या हातात माझाच मोबाइल ठेवला. मी तो हातात धरून व्हिडिओ लावला. घाम आलेला, चष्मा कपाळावर, मागे छताचा पंखा. तिकडे टीव्हीवर बहुतेक माझं नाकच भरून राहिलं असणार.

अण्णांनी बराच वेळ बघितलं. मग हात जोडले.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"अण्णा, मी."

"घरात आत्ता कोणी नाहीये. नंतर या."

"अरे, ते नेहमीचं डोक्यावरचं लाव," ताई मागून म्हणाली. "खुर्चीत बस, नेहमीसारखा."

मी धावत खुर्चीत बसलो, हेडफोन चढवला, मोबाइल पडद्याला टेकवून ठेवला. तोवर त्यांनी तोंड फिरवलं होतं. ताईच्या पदराचं टोक धरून ते हळू आवाजात म्हणत होते, "त्या माणसाला जायला सांग."

दुपारी ताईचा फोन आला. जेवले नव्हते. शर्ट काढू देत नव्हते. तिकडच्या चारच्या सुमाराला त्यांनी विचारलं होतं, "आज शुक्रवार ना? मग हा कसा नाही आला?"

यानंतर कुठलाही शहाणा मुलगा जे करेल ते मी केलं नाही. मी हत्यारांची पेटी काढली.

कॉम्प्युटरमधलं नेटवर्कचं सॉफ्टवेअर उडवलं आणि पुन्हा घातलं. फुली तशीच. सोमवारी हवल्लीच्या कॉम्प्युटर बाजारातून नवं नेटवर्क कार्ड आणलं, डबा उघडला (प्लगला लाल पुठ्ठा बांधूनच उघडला, तेवढं भान होतं), कार्ड बसवलं. पडद्यावर तेच. केबल काढलेली आहे.

"नवं पण तेच म्हणतंय हो," बायको म्हणाली.

"दोन साक्षीदार खोटे असू शकतात."

"आणि खरं बोलणारे तुम्ही एकटे."

मग मी ठरवलं की केबलच्या कॉम्प्युटरकडच्या टोकाचा प्लगच आतून सैल झाला असणार. तो कापून टाकला आणि नवा लावायला बसलो. त्यात केसासारख्या बारीक आठ तारा असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा, क्रम ठरलेला. जवळचा चष्मा लावून, जीभ दातांत धरून मी त्या ओळीत लावल्या. लावल्या असं मला वाटलं.

"दुकानात बोटाएवढं काहीतरी मिळतं म्हणे," बायको म्हणाली. "ते खोचलं की या कॉम्प्युटरलाही वायफाय येतं. पोरगी सांगत होती. आणू का?"

"ती मलमपट्टी झाली. मला रोग शोधायचाय."

तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली. बायको गप्प बसली की मी चुकतोय, हे वीस वर्षांत मला कळलेलं आहे. नुसतं कळलेलं आहे.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. त्या आठवड्यात मला ते शोधणं आवडत होतं. ताईचा रोज फोन यायचा. अण्णा रात्रीचे उठून फिरतात, काल स्वयंपाकघराला न्हाणीघर समजले, आज तिला "तुम्ही कोणाकडच्या" म्हणाले. मी म्हणायचो, "थांब हं, जरा केबल हातात आहे." ती थांबायची. मी पक्कड तोंडात धरून "हं, हं" करायचो. केबलला दोन टोकं होती आणि बिघाड त्यांच्या मधेच कुठेतरी असणार, एवढी खात्री होती. ताई जे सांगत होती त्याला कुठे हात घालावा हे मला कळत नव्हतं.

दुसरा शुक्रवार आला. फुली तशीच. मोबाइल समोर होता, त्याला पूर्ण चार्ज होता. मी तो उचलला नाही. ताईला सांगितलं, फोनवर मला बघून ते घाबरतात, उगाच नको. खरं म्हणजे घाबरलो मी होतो. पुन्हा "कोण पाहिजे आपल्याला" ऐकायची माझी तयारी नव्हती.

"ते दहापासून बसलेत," ताई म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

"सांग, लाइन खराब आहे."

"त्यांना लाइन म्हणजे काय ते कळत नाही रे आता. तू दिसत नाहीस, एवढंच कळतं."

शनिवारी बायकोने मला न विचारता माणूस बोलावला. कोकणातला, राजापूरच्या बाजूचा. आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे केबल ओढायचं काम करतो, जलीबला एका खोलीत सहा जणांत राहतो. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात तिची ओळख झालेली. त्या दिवशी धुळीचं वादळ होतं. आभाळ हळदीसारखं पिवळं झालं होतं आणि खिडकीच्या फटीतून आलेली धूळ दातांत कचकचत होती. त्याला आठवड्यातली एकच सुट्टी, तीही शनिवारची, त्यात दोन बस बदलून बिचारा तोंडाला फडकं गुंडाळून आला. मी त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं की मी काय काय तपासलं आणि बिघाड कुठे कुठे नाही. त्याने चहा पिता पिता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "राउटर खंय असा?"

"ते टोक ठीक आहे. वायफाय चालू आहे ना."

"असूंदे. बघतंय तरी."

त्याने बॅगा उतरवल्या, कपाट ओढलं, मागे वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. मग सरळ उभा राहून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"साहेबानू, येवा जरा हंय."

गेलो. लाल पुठ्ठा लटकत होता. काम चालू आहे, हात लावू नये. खाली माझी लफ्फेदार सही. केबलचं टोक जमिनीवर, धुळीत.

एसी तेवढा गुरगुरत होता.

"लाव ना मग," मी शेवटी म्हटलं.

"मी हात लावूचंय नाय. टॅग तुमचो असा."

"अरे, घर आहे हे!"

"तुमीच शिकवलात आमका पयल्या दिवशी. लावणारो तोच काढणारो. आमच्यातल्या एकाक तेच्यासाठी गेटाभायर काढलात तुमी."

खरं होतं. त्या माणसाने घाईत दुसऱ्याचा टॅग काढला होता. रिपोर्ट मी लिहिला होता. महिन्याभरात तो कायमचा गावी गेला. रिपोर्ट बरोबर होता. आजही तसाच लिहीन. पण त्या क्षणी चपलांच्या कपाटामागे वाकताना मला त्याचा चेहरा आठवला, आणि पुठ्ठ्याची गाठ लवकर सुटेना.

"आय न्यू," दारातून मुलीचा आवाज आला.

"काय?"

"टॅग. शूज पडला होता मागे, तेव्हा पाहिला. लास्ट वीक."

"मग सांगितलं का नाहीस?"

"यू सेड, नेव्हर टच इट." तिने खांदे उडवले. "आणि तुम्ही मला विचारलंच नाही, बाबा. यू वेअर बिझी."

यावर व्याख्यान देता येण्यासारखं काही नव्हतं. मी केबल राउटरमध्ये खोचली आणि ताठ मानेने छोट्या खोलीत गेलो. फुली तशीच!

क्षणभर मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणजे बिघाड दुसराही होता; म्हणजे मी अगदीच हा नव्हतो. कोकणातल्या त्या माणसाने कॉम्प्युटरच्या मागची केबल काढून मी लावलेला प्लग उजेडात धरला. आठातल्या दोन तारांची अदलाबदल झालेली होती आणि एक आत पोचलीच नव्हती.

"साहेबानू," तो अगदी हळू म्हणाला, "दुखणा थंय, आणि ऑपरेशन केलात हंय."

त्याने माझा प्लग कापला, चष्मा न लावता दोन मिनिटांत नवा बसवला. फुली गेली. बायकोने त्याला जेवायला थांबवलं. जेवताना तो तिच्याशी बोलला, माझ्याशी नाही; मला वाटतं, माझी दया आली असावी.

तिसऱ्या शुक्रवारी मी आठपासून खुर्चीत होतो. हेडफोन, काडी, मागे पुस्तकं, सगळं होतं तसं. बायको मागे दाराशी उभी होती. साडेआठला ताईने लावलं.

अण्णा खुर्चीत होते. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक घर खाली लागलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरले नाहीत. पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीने पाहिलं.

"बसा," म्हणाले.

मी बसलेलाच होतो. "अण्णा, मी."

"हो, हो."

"अण्णा, बघा ना नीट," ताई म्हणाली. "कुवेतहून कोण बोलतंय?"

कुवेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मीही खुर्चीत पुढे सरकलो.

"कुवेतला आमचा मुलगा असतो," ते मला म्हणाले. "तुमची ओळख आहे का?"

मागे बायकोने दार हळूच लोटून घेतल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "आहे."

"बरा आहे ना?"

"बरा आहे."

"बऱ्याच दिवसांत आला नाही. शुक्रवारी यायचा."

काही सुचेनासं झालं की मी जे करतो तेच केलं. स्वतःची फजिती सांगायला लागलो. लाल पुठ्ठ्यापासून सगळं. नवीन कार्ड आणलं ते, चांगला प्लग कापला ते, मुलीला माहीत होतं ते. हातवारे करून सांगितलं. अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते. ताई नंतर म्हणाली की इतका वेळ एका जागी लक्ष देऊन त्यांनी महिन्याभरात काही ऐकलं नव्हतं. मी सांगतच राहिलो. थांबलो तर ते पुन्हा "आपण कोण" विचारतील, ही धास्ती होती.

शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"म्हणजे तार तुम्हीच काढली होतीत," अण्णा म्हणाले.

"हो."

"आणि नऊ दिवस शोधत होतात."

"हो."

त्यांनी मान हलवली. ताईकडे वळून बघितलं, मग परत माझ्याकडे, आणि आवाज जरा खाली आणून, दुखवायचं नाही पण सांगणं भाग आहे अशा सुरात म्हणाले, "आमचा मुलगा इंजिनियर आहे तिकडे. पुढच्या वेळी त्याला विचारून करा. तुम्हाला अक्कल कमी दिसते."